हाडं सापडतात, माणूस सापडत नाही
(अभ्यासवर्गातलं भाषण)



ऐतिहासिक कादंबरी हा विषय फळ्यावर लिहिला तेव्हाच मागून एकजण म्हणाला, हा तर बामणी-सरंजामी माल, याच्यावर तास कशाला घालवायचा? घालवायचा. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात जा आणि सगळ्यात जास्त फाटलेली पुस्तकं कोणती ते बघा. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत'. पुठ्ठे सुटलेत, पानं दोऱ्यानं बांधलीत. कुणी फाडली? आपणच. रात्रपाळीहून आलेला माणूस डोळे चोळत ती वाचतो. रणजित देसाईंची भाषा पुस्तक हातातून सुटू देत नाही, यात मी खोटं कशाला बोलू? नुसत्या शिव्या देऊन ही पुस्तकं वस्तीतून जाणार नाहीत. ती काय करतात ते बघावं लागेल.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतात. साल १८७१. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६९ ला, जोतीरावांनी शिवाजीराजांचा पोवाडा छापला होता. म्हणजे एकाच राजाकडं जाणाऱ्या दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी फुटल्या. जोतीराव राजाला कुळवाड्यांचा माणूस म्हणून उभा करतात. कादंबरीवाल्यांनी गड, तट, वेषांतर आणि कुलीन नायिका यांचा संसार थाटला. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल'मध्ये तो नांदता केला. तरी त्या काळापर्यंत कल्पित माणसं पुढं आणि राजा थोडा मागं अशी रीत होती. स्कॉटनं १८१४ च्या 'वेव्हर्ली'पासून ती घालून दिलेली. मधल्या थरातला साधा माणूस इतिहासाच्या लोंढ्यात सापडतो आणि राजेरजवाडे येऊनजाऊन भेटतात. मराठीत १९६० नंतर हे साफ उलटं झालं. राजाच नायक झाला. कादंबरी त्याच्या महालात शिरली, ती बाहेर यायलाच तयार नाही.

'स्वामी' १९६२ ची. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. माधवराव पेशव्याचा क्षय, थेऊरचा मुक्काम, १७७२ चा मृत्यू आणि रमाबाईचं सती जाणं. वाचताना आपल्याही पोरी रडतात. जिवंत बाई जाळली जाते आणि वाचणाऱ्याला राग येत नाही, डोळ्यांत पाणी येतं! लेखणीचं हे सामर्थ्य आहे, आणि आपली फसगतही तिथंच होते.

बरं, कादंबरी ही कादंबरीच राहिली असती तरी चाललं असतं. 'छावा' १९७९ ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरचा सिनेमा आला. लोक थेटरात रडले, घोषणा दिल्या. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली आणि खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की या सिनेमामुळं लोकांच्या भावना भडकल्या. आता बोला! दंगलीला दुसरी कारणं होतीच, ती लपवायला सिनेमाचं नाव बरं पडतं. पण सत्तेच्या खुर्चीवरून हे बोललं जातं याचा अर्थ गोष्टीला दारूगोळ्याची किंमत आली आहे. 'करमणूक आहे, सोडून द्या' हे म्हणायची सोय उरलेली नाही.

यावर आपले लोक एक ठरलेला हल्ला चढवतात. म्हणे हे सगळं कल्पित आहे, पुरावा कुठाय? मला हा हल्ला चुकीचा वाटतो. नीट ऐका.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ काढला. अस्पृश्य मुळात कोण आणि अस्पृश्यता आली कुठून, हा प्रश्न. लेखी पुरावा जवळजवळ नाही. असणार कसा? लिहिणारा हात आपला नव्हता. प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की हे काम मोडक्या हाडांवरून आणि दातांवरून नष्ट झालेला प्रचंड प्राणी पुन्हा उभा करण्यासारखं आहे. साखळीतल्या कड्या गळाल्या असतील तिथं कल्पनाशक्ती आणि अंतःप्रेरणा वापरायला हरकत नाही, असं ते बजावतात. आणि आधार कुणाचा घेतात? मॅक्सिम गॉर्कीचा! कादंबरीकाराचा! शास्त्रज्ञालाही कल्पना लागते आणि कलावंतालाही, हे गॉर्कीचं म्हणणं ते आपल्या बाजूनं उभं करतात. मात्र सूट देताना अट घालतात: हाडं असतील त्यांना धरूनच प्राणी उभा राहिला पाहिजे. शेपूट मनात आली म्हणून शेपूट लावायची नाही.

ही फूटपट्टी प्रस्थापितांच्या कादंबरीला लावून बघा. पेशव्यांच्या वाड्याबद्दल रुमालच्या रुमाल कागद आहेत. कुठल्या दिवशी कुणाला शेला दिला हेसुद्धा सापडतं. जिथं हाडांचा ढीग पडलाय तिथंच हे लोक कल्पनेचे हंडे ओततात. समया, अत्तर, राजाच्या मनातली घालमेल. आणि जिथं कागद नाही, माणूस मात्र होता, तिथं पान कोरं. गडाचंच घ्या. गडाच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी, बेरड राहत. वाटा राखायच्या, जंगलातून बातमी आणायची, ही त्यांची कामं. गड जागा राहायचा तो त्यांच्या जागरणावर. कादंबरीत ते कधी येतात? 'एक हेर धावत आला' एवढ्यापुरते. त्या हेराला नाव नाही, बायको नाही, आणि बातमी सांगून झाल्यावर तो परत कुठं गेला याची कुणाला फिकीर नाही.

आता आपल्याकडचं हाड दाखवतो. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदाएक वर्षांच्या मांगाच्या पोरीनं एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'नं तो छापला. ती लिहिते की वाड्यांच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत. तालमीसमोरून गेला तर त्याचं डोकं मारून गुलटेकडीला खेळ खेळत. ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, ऊन-वारा-पाऊस अंगावर. पेशवाई १८१८ ला बुडाली. मुक्ताचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे तिनं हे डोळ्यांनी बघितलेलं नाही. घरात, वाड्यात, मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. इतिहासवाले लगेच म्हणतील, ऐकीव. असेल. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या कानावर तेच का पडत होतं? तिच्या घरात रात्री गोष्टी कसल्या चालत होत्या? इथं इतिहासकार थांबला तर थांबू दे, कादंबरीकाराला इथंच पुढं जायचंय. पायात पुरलेल्या माणसाच्या वरच्या मजल्यावर 'स्वामी' घडते. त्या पायाची कादंबरी कुठाय?

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. मुक्ताच्या निबंधानंतर वर्षभरानं, जानेवारी १८५६ मध्ये, अमेरिकेत मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई केंटकीतून पोरंबाळं घेऊन ओहायोत पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा, लेक पुन्हा गुलाम व्हायला नको म्हणून, तिनं आपल्या हातानं तिला मारलं. वर्तमानपत्रात बातमी आली, खटला चालला, आणि बाई परत मालकाच्या ताब्यात गेली. शंभरावर वर्षांनी टोनी मॉरिसनच्या हातात त्या जुन्या बातमीचं कात्रण पडलं. एवढ्याशा हाडावरून तिनं १९८७ ला 'बिलव्हेड' उभी केली. तिनं खटल्याचा तपशील गिरवत बसायचं टाळलं. मारलेली पोर परत घरी येते, आणि आईला तिच्याबरोबर राहावं लागतं! कागदात हे कुठंच नाही. पण गुलामीनं आईपणाचं काय केलं, हे कुठल्या दप्तरापेक्षा तिथं जास्त कळतं. आपण पँथर हे नाव १९७२ ला त्यांच्याकडून घेतलं. नाव घेतलं तशी ही रीतही घ्यायला हवी.

आणि आपल्याकडं अगदीच कोरं पान नाही. 'स्वामी'च्या तीन वर्षं आधी, १९५९ ला, अण्णाभाऊंची 'फकिरा' आली. १९६१ ला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. इंग्रजांची हजेरी, दुष्काळ, उपाशी मांगवाडा, लुटलेला खजिना, शेवटी फाशी. अण्णाभाऊंना ही गोष्ट वारणेच्या खोऱ्यातल्या माणसांच्या तोंडून मिळाली आणि त्यांनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पण ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की 'फकिरा'ला बाजूच्या कपाटात ठेवतात. राजा असला की इतिहास, मांग असला की 'उपेक्षितांचं जीवन'! ही साली कुठली विभागणी?

आता कडू बोलतो. आपल्यातले बरेच लेखक भीमा कोरेगाववर कादंबरी लिहायला निघालेत. लिहा. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापुढं उभे राहिले. २०१८ च्या १ जानेवारीला तिथं आपल्या लोकांवर दगड पडले. ही जागा आपल्यासाठी काय आहे ते मला शिकवू नका. पण मी दोन-तीन हस्तलिखितं वाचली, आणि ती नावं बदललेली 'छावा' निघाली. तीच तलवार, तीच गर्जना, तोच रक्ताचा सडा. अठ्ठावीस हजारांचा आकडा पोवाड्यात शोभतो, पण गावात घुसून प्रत्यक्ष लढल्या त्या त्यातल्या थोड्याच तुकड्या. कंपनीच्या पलटणीत महारांबरोबर मराठे होते, मुसलमान होते. पेशव्याकडून अरब लढले. हे कादंबरीत आलं तर आपलं काय कमी होणार आहे? मला त्या स्तंभावरची 'नाक' लावलेली नावं छळतात. गावात ज्याची सावली चालत नाही, त्याला कंपनी बंदूक देते, पगार देते. तो कुणासाठी लढला? घरी कागद गेला तेव्हा वाचून कुणी दाखवला? आणि त्याच कंपनीच्या वारसांनी पुढं १८९० च्या सुमाराला महारांची भरती बंद केली, तेव्हा त्याच्या नातवाला काय वाटलं? गर्जना करणाऱ्या कादंबरीत हे प्रश्न मावत नाहीत.

हाडं शोधायला पुण्याच्या दप्तरातच जायला हवं असं नाही. जुन्या महजरांवर गावच्या महारांची नावं आहेत, कारण शिवेचा तंटा झाला की शीव कुठली ते महारच चालून दाखवायचा. ज्याला गावात घर नाही त्याच्या पायावर गावाची हद्द ठरायची! यावर एक आख्खी कादंबरी आहे, अजून कुणी लिहिलेली नाही. तुमच्यातल्या ज्यांच्या आज्या-पणज्या जिवंत आहेत त्यांनी या महिन्यात दोन गोष्टी विचारून लिहून आणा. गावाची शीव कुठून कुठं जायची, आणि १९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजत होतं. ती सांगेल तशी लिहा, तिची भाषा सुधारू नका.

मुक्ताच्या निबंधाच्या झेरॉक्स दाराशेजारच्या बाकावर ठेवल्यात. वीसच प्रती आहेत, दोघांत एक घ्या.