ग्रहण पाहू या, पण डोळे सांभाळून
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



२४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणात कितीतरी लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. राहू-केतूची ही भीती आपण टाकून दिली, हे योग्यच झाले. पण भीती टाकली म्हणजे काळजीही टाकावी असे नव्हे.

ग्रहणात सूर्यातून कोणतेही वेगळे विषारी किरण निघत नाहीत. एरवी सूर्याकडे पाहवत नाही; ग्रहणात तेज कमी भासते आणि आपण टक लावून पाहतो. धोका इथेच आहे. उरलेली कोर तितकीच प्रखर असते.

अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा आणि आतले भिंग त्यातील बहुतेक किरण शोषून घेतात. थोडे मात्र मागच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. लहान मुलांच्या भिंगातून ते अधिक प्रमाणात जातात. सूर्याकडे थेट पाहिल्यास त्यांना प्रखर निळ्या प्रकाशाची जोड मिळते. मग पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते पेशींतील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने आणि डीएनए बिघडवतात. लोखंडाला गंज चढावा तसाच हा प्रकार.

मित्रांनो, दृष्टिपटलाला वेदना होत नाही. त्यामुळे इजा होताना काहीच कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, अक्षरे वाकडी दिसतात. पुष्कळांची दृष्टी काही महिन्यांत सुधारते. काहींचा डाग मात्र कायम राहतो. मेलेल्या प्रकाशग्राही पेशी पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल किंवा परातीतले पाणी यांवर विसंबू नका. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा, ओरखडा नसलेला ग्रहणचष्मा वापरा. तोही नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा पाहा. यात खर्च काहीच नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. केवळ परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखण्यासाठी डोळे शाबूत हवेत. वस्तीतल्या मुलांना घराबाहेर आणा, पण आधी त्यांच्या हाती पुठ्ठा आणि टाचणी द्या.

जयभीम!