काय म्हणाली ती?



काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाला भेटायला मी मस्कतला निघालो होतो. मुंबईहून विमानात बसलो. शेजारी दापोलीकडच्या एक वयस्क बाई होत्या. लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. विमानात बसायची पहिलीच वेळ. पट्टा कसा लावायचा, हे त्यांनी मला विचारून घेतले. मांडीवरच्या पिशवीतला डिंकाचा एक लाडू मोठ्या आग्रहाने माझ्या हातावर ठेवला.

विमान वर गेले आणि मी हेडफोन चढवला. मुलाने नवाच घेऊन दिला होता, बाहेरचा आवाज शोषून घेणारा. बटण दाबले की इंजिनांची घरघर एकदम विरून जाते. मी जुन्या गझला ऐकू लागलो. मध्येच बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. एका कानावरचा हेडफोन मी जरासा उचलला.

"भाऊ, ती बाई काय सांगते हो?"

तोवर घोषणा संपली होती. मी एक शब्दही ऐकला नव्हता. तरी म्हणालो, "काही नाही, चहा येतोय." आणि पुन्हा कान झाकले.

घोषणा होती ती पुढे हवा खराब असल्याची, पट्टे बांधून बसण्याची. बाईंनी गुडघा चोळण्यासाठी पट्टा सोडला होता. दोनेक मिनिटांत विमानाने गचका खाल्ला. बाई जागेवरून उचलल्या गेल्या आणि त्यांचे कपाळ समोरच्या खुर्चीवर आपटले. टेंगूळ आले. हवाईसुंदरीने बर्फ आणून दिला. मी ओशाळून माफी मागू लागलो, तर बाईच म्हणाल्या, "असू दे. तुम्हाला तरी कसं ऐकू येणार, कान झाकलेले होते."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे अजून वाटते.

त्या विमानातल्या घोषणा इंग्रजीत आणि अरबीत होत्या. अरबी आम्ही दोघेही लहानपणापासून वाचत आलो. पण वाचता येणे वेगळे आणि बोललेले कळणे वेगळे. इंग्रजी मला येते, त्यांना येत नव्हती. म्हणजे ज्यांचे कान उघडे होते त्यांना भाषा कळत नव्हती आणि ज्याला भाषा कळत होती त्याने कान बंद केले होते.

आता हेडफोनला दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. उडत्या विमानात ऐंशी डेसिबलच्या आसपास आवाज सतत असतो. तासन्‌तास तो ऐकून डोके जड होते, माणूस थकतो. साधा हेडफोन असला तर घरघरीवर मात करण्यासाठी आपण गाण्याचा आवाज वाढवत नेतो आणि कानांना आणखी इजा करून घेतो. अमर बोस हे बंगाली वडिलांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र, ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक. 1978 साली युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून त्यांना संगीत धड ऐकू येईना. त्या प्रवासातच त्यांनी कागदावर गणित मांडायला सुरुवात केली. बाहेरून येणाऱ्या आवाजाच्या लहरीला नेमकी उलटी लहर भेटवली की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात, हे ते तत्त्व. कल्पना त्यांच्याआधीचीही होती. पण प्रवाशाच्या कानापर्यंत ती पोहोचवण्यात त्यांच्या खटपटीचा मोठा वाटा आहे.

गंमत अशी, की हे यंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर उत्तम पुसते. माणसाचा आवाज मात्र त्याला तितकासा पुसता येत नाही. संगीत बंद ठेवून नुसता हेडफोन लावला तर घोषणा बऱ्यापैकी ऐकू येते. ती बुडते आपल्या गाण्यात. समोरच्या पडद्यावर विमान कंपनीचा चित्रपट पाहत असाल तर घोषणेच्या वेळी तो बहुधा आपोआप थांबतो. आपल्या खिशातला फोन थांबत नाही. त्याला विमानाची घोषणा ठाऊकच नसते.

"रोज तेच तेच सांगतात, त्यात ऐकायचे काय?" असे आपण म्हणतो. एप्रिल 2018 मध्ये न्यूयॉर्कहून डलासला निघालेल्या विमानाचे इंजिन आकाशातच फुटले, खिडकी तुटली आणि हवेचा दाब एकदम घसरला. एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली आले. त्या वेळची छायाचित्रे जगाने पाहिली. कित्येकांनी मुखवटा फक्त तोंडावर धरला होता, नाक उघडेच! नाक आणि तोंड दोन्ही झाका, हे दर उड्डाणाआधी सांगितले जाते.

नोव्हेंबर 1996 मध्ये इथिओपियाच्या एका अपहृत विमानातले इंधन संपले आणि ते कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरवावे लागले. 175 जणांपैकी 125 दगावले. कित्येकांनी जीवरक्षक जाकीट विमानातच फुगवले होते. पाणी आत शिरले तसे ते छताकडे उचलले गेले. बुडी मारून दारापर्यंत जाणे त्यांना जमेना. "जाकीट विमानाबाहेर पडतानाच फुगवा", हे आपल्या कानांवरून वाहून जाणारे एक वाक्य. त्यामागे असे अर्थ असतात.

याची दुसरी बाजूही आहे. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. प्रवासी विमानाने पेट घेतला. आतली घोषणायंत्रणा बंद पडली. कर्मचाऱ्यांनी हातातल्या कर्ण्यावरून आणि नुसत्या ओरडून सूचना दिल्या. सगळेच्या सगळे 379 जण जिवंत बाहेर पडले. त्या धुरात माणसाचा आवाज आणि तो ऐकणारे कान, एवढ्यावर किती काही अवलंबून होते!

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. विमान सुटताना आणि उतरताना हेडफोन काढून ठेवावा. अपघातांपैकी बरेचसे याच वेळी होतात. मधल्या वेळात गाणी ऐकावीत, पण आवाज बेताचा ठेवावा. पट्ट्याचा दिवा लागला, घंटी वाजली, की आधी संगीत थांबवावे. झोपताना पट्टा बांधलेला असावा. आणि विमान कंपन्यांनीही एवढे पाहावे, की ज्या मार्गावर ज्या भाषेची माणसे जातात, त्यांच्या भाषेत चार वाक्ये तरी सांगितली जावीत. आखातात कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आहेत. तिकिटाचे पैसे त्यांच्याकडूनही तेवढेच घेतले जातात.

मी स्वतः काय करतो? हेडफोन अजून वापरतो, गझलाही ऐकतो. पण घोषणा सुरू झाली की हेडफोन गळ्यात घेतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. शेजाऱ्याला ती कळली नाही असे वाटले तर विचारण्याची वाट न पाहता सांगतो. लोकांना मी जरा आगाऊ वाटत असेन. चालेल. पुन्हा कुणी कोपराला हात लावून "काय म्हणाली ती?" असे विचारले, तर मला खरे उत्तर देता आले पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)