ओळख पटेल असं वर्णन



जिल्हाभरातल्या इंग्रजी शिक्षकांच्या अशा मेळाव्यात अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं असा प्रघात आहे. मी मात्र अगदी सुरुवातीच्या धड्यावर बोलणार आहे. मायसेल्फ, माय फॅमिली आणि समोरच्या माणसाचं वर्णन. आपलं प्रत्येक मूल इंग्रजीत याच दारानं शिरतं, आणि पाठांतराची सवयही त्याला याच दारात लागते.

आपण जिथे जमलो आहोत त्या छावणीत हा विषय काढणं वावगं नाही. लष्करी ठाण्यामुळे इथे इंग्रजी लवकर आली, पण ती बंगल्यांत आणि कचेऱ्यांत राहिली. बाकीचा मराठवाडा निजामी राजवटीत उर्दूतून शिकत होता. 1918 साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. 1948 साली ती राजवट गेली. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं या शहरात महाविद्यालय काढलं, तेच आजचं नागसेनवनातलं मिलिंद. घरात आधी कुणी शाळा न पाहिलेली मुलं तिथे इंग्रजीला भिडली. पुढे 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज पालक झाली आहेत आणि त्यांची पोरं आपल्यापुढे बसताहेत.

ती पोरं काय म्हणतात? पाहुणे आले की वर्गातलं एक चुणचुणीत मूल उभं राहतं, हाताची घडी घालतं आणि एका दमात सुरू होतं: माय नेम इज अमुक, आय रीड इन स्टँडर्ड थर्ड, माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज अ हाउसवाइफ. टाळ्या. मधेच थांबवून ‘हाउ मेनी ब्रदर्स?’ विचारलं की गाडी रुळावरून घसरते. मूल परत ‘माय नेम इज’पासून सुरू करतं.

त्यातलं आईचं वाक्य घ्या. दिवाळीनंतर आपल्याकडच्या कितीतरी वस्त्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ धरली जाते. म्हणजे आई निम्मा कोयता आहे. ती पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते, आणि तिचं मूल शाळेत सांगतं, माय मदर इज अ हाउसवाइफ. फळ्यावर तसं लिहिलेलं असतं ना! बरं, खरं वाक्य काही अवघड नाही. माय मदर कट्स शुगरकेन. साधा वर्तमानकाळ, तीन-चार शब्द. आई ‘कोण आहे’ असं न विचारता ‘काय करते’ असं विचारलं तर शी सेल्स बँगल्स, शी पिक्स कॉटन, शी टीचेस अस ही वाक्यं तिसरीतलं मूल करतं. ज्याचे वडील नाहीत त्यालाही मग रिकामी जागा भरावी लागत नाही. तो आजीबद्दल बोलतो.

आता दिसण्याचं. इथे भरणारा जनावरांचा बाजार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तिथला दलाल बैलाचं वर्णन कसं करतो? दातांवरून वय, म्हणजे आदत की दोनदाती की जुळलेला, इथून सुरुवात. मग देवणी का लाल कंधारी, शिंगं कशी वळलेली, वशिंड किती भरलेलं, कुठल्या खुरात खोड. बैल न पाहता गिऱ्हाईक गर्दीतून नेमका तोच हुडकून काढील. आणि त्याच दलालाचा नातू वर्गात स्वतःच्या बहिणीविषयी सांगतो: शी इज टॉल, शी इज फेअर, शी इज ब्यूटिफुल. एवढ्या खुणांवर बहीण जत्रेत सापडायची नाही.

‘फेअर’विषयी जरा कडक बोलतो. क्रीम विकणाऱ्या कंपनीनं 2020 साली ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ केलं, पण आपल्या शब्दतक्त्यातला ‘फेअर’ जागचा हलला नाही. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं सावळी असताना सगळ्यांनी एकसुरात ‘आय ॲम फेअर’ म्हणायचं, हे इंग्रजी शिकवणं नव्हे. ‘डार्क’ शब्द बिनधास्त शिकवा, पण आधी आपल्या आवाजातली कीव काढून टाका. मुलं शब्दापेक्षा मास्तरांचा चेहरा आधी वाचतात.

मग वर्णन शिकवायचं कसं? वर्णनाला काम द्या. वर्तमानपत्रात हरवलेल्या माणसाची जाहिरात येते: बांधा सडपातळ, चेहरा उभट, डाव्या भुवईवर जुनी जखम, अंगात निळा शर्ट. त्यात कौतुक नाही की निंदा नाही. वाचणाऱ्याला माणूस ओळखू यावा एवढाच हेतू. वर्गातही तसंच करता येतं. एकानं वर्गातल्या कुणाचं तरी नाव न घेता वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. जवळच्याच एका शाळेत चौथीच्या वर्गात मी हे पाहिलं. पहिल्या मुलानं ‘ही इज स्मार्ट’ म्हटल्यावर दहा जण उभे राहिले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘शी हॅज टू प्लेट्स. वन रिबन रेड, वन रिबन नो.’ सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळल्या. व्याकरण मोडकं होतं, पण निरोप पोहोचला होता. एक वेणी खरंच बिनरिबिनीची होती, आणि तिची मालकीण लाजून डेस्कखाली रिबीन शोधत होती.

‘नो रिबन’ असं नंतर सांगता येतं. आधी तिला तोडलं असतं, तर पुढच्या वेळी तीही ‘शी इज ब्यूटिफुल’वर थांबली असती.

तुम्ही म्हणाल, साठ-साठ पोरांच्या वर्गात हे कुठून जमायचं? पाहुण्यांना काय दाखवायचं? अडचण खरी आहे. म्हणून दोन सूचना फक्त. आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ आहेच. त्यातले गुण पाठ केलेल्या दहा वाक्यांना न देता, वर्णनावरून माणूस ओळखू आला का, यावर द्या. आणि पाहुणे आले तर त्यांचंच वर्णन मुलांना करू द्या. टक्कल आलेल्या अधिकाऱ्याला ‘ही हॅज नो हेअर’ हे ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

जेवणानंतरच्या सत्रात आपण चार-चारचे गट पाडले आहेत. प्रत्येकानं आपल्या गटातल्या एकाचं इंग्रजीत पाच वाक्यांत वर्णन लिहायचं आहे. फेअर, ब्यूटिफुल, स्मार्ट आणि नाइस हे चार शब्द बाद. कागद गोळा करून मी व्यासपीठावरून वाचीन, आणि सभागृहानं माणूस शोधायचा.