ड्रायर तापतोय, दोष कुणाचा?

गटाच्या ड्रायरवर आकडा ६० अंशांचा, आणि आत कांद्याच्या चकत्या तपकिरी! ऑर्डरचा माल होता, जीव खालीवर झाला. हीटर बदला, असा सल्ला मिळाला. आम्ही आधी सेन्सर तपासला.

प्लग काढून तारा सोडवल्या. सेन्सरचं टोक बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवलं, पांढऱ्या आणि एका लाल तारेला मल्टिमीटर लावला. आमचा सेन्सर पीटी १००. शून्य अंशाला १०० ओहम हवेत. दाखवले ९४! म्हणजे ड्रायर खऱ्यापेक्षा पंधराएक अंश कमी वाचत होता, म्हणून हीटर तापवतच राहिला. सेन्सरच्या नळीत ओल शिरली की असं होतं, आणि कांद्याला पाणी किती सुटतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

नवाही पीटी १००च घ्या, तारा जुन्याच जागी लावा. पण बसवण्याआधी त्यालाही बर्फात बुडवून बघा.