मशीन उघडून पाहणारा माणूस

2024 च्या नोव्हेंबरात संगमनेरमध्ये 1985 पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात 10,560 मतांनी पडले. चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच बोलणं सुरू झालं, 'मशीननंच घात केला.' आपल्यातली काही पोरं तर म्हणतात, आता मत द्यायलाच कशाला जायचं?

पण मशीन उघडून पाहिलं कुणी? ज्यानं पाहिलं, त्याचं नाव हरी प्रसाद. हैदराबादचा इंजिनिअर. 2010 मध्ये त्याला कुणीतरी एक खरं मतदान यंत्र मिळवून दिलं. अमेरिकेचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खॉन्ग्राइप यांच्यासोबत त्यानं ते तपासलं. आकडे दाखवणारी पट्टी बदलून तशीच दिसणारी बसवली. तिच्यात एक छोटी चिप, तिला मोबाईलवरून ब्लूटूथनं हुकूम. मोजणीत दिसणार खोटे आकडे! दुसरा प्रकार म्हणजे मेमरीवर चिमट्यासारखं यंत्र लावून साठवलेली मतंच बदलायची.

इंजिनिअर म्हणून सांगतो, या दोन्ही प्रकारांत कुणाचा तरी हात मशीनपर्यंत पोचावा लागतो. उपग्रहाच्या गप्पा सोडा, स्ट्राँगरूमचं कुलूप बघा. आणि अमुक निवडणूक चोरली, असा दावा त्यांनी केला नाही. जेवढं दाखवता आलं तेवढंच बोलले.

त्याचं फळ? मशीन मुंबईतून चोरीला गेलं म्हणून 21 ऑगस्टला मुंबई पोलिसांनी त्याला अटक केली. देणाऱ्याचं नाव त्यानं सांगितलं नाही. आठवड्याभरानं जामीन झाला.

8 ऑक्टोबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर कागदी पुरावा आवश्यक ठरवला. आज काचेतून सात सेकंद दिसते ती हीच चिठ्ठी. 26 एप्रिल 2024 ला कोर्टानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायला नकार दिला, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत पाच टक्के मशीन तपासून मागता येतात. मला हे अपुरं वाटतं. निदान काही तरी हातात आहे.

आपल्या हातात आणखी एक कागद आहे, फॉर्म 17-सी. मतदान संपलं की एकूण किती मतं पडली हे लिहून, सही करून, त्याची प्रत केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या एजंटांना देतो. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. आपल्या मोहल्ल्यातले किती जण कुठल्याही उमेदवाराचे एजंट म्हणून दिवसभर बूथवर बसलेत? ज्यांना बसायचंय त्यांनी आत्ताच थांबा, कोरा फॉर्म आणलाय, तो कसा वाचायचा ते दाखवतो.