रात्रीचें छायाचित्र



छायाचित्र म्हणजे क्षणाचें चित्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. रात्रीं काढलेल्या चित्राची गोष्ट मात्र निराळी. तेथें क्षण पुरत नाहीं. मिनिटामागून मिनिट प्रकाश वेंचावा लागतो.

गेल्या पौषांत वाईचें आमचें जुनें घर विकलें. ताबा देण्याच्या आदल्या रात्रीं, चतुर्दशीच्या चांदण्यांत, मी वडिलांचा घडीचा कॅमेरा घेऊन परसांत गेलों. त्याच्या रिळावर ८ च चित्रें निघतात. कॅमेरा तिपाईवर पक्का बसविला, भिंगाचें छिद्र ८ च्या अंकावर आणलें आणि शटर 'बी' या खुणेवर ठेवलें. या खुणेवर कळ दाबून धरावी तितका वेळ शटर उघडें राहतें. कळीच्या तारेस अडकविण्याचें मळसूत्र असलें म्हणजे बोट अवघडत नाहीं.

कोष्टकाप्रमाणें ४ मिनिटें पुरेशीं होतीं. मीं २० दिलीं. कारण मंद प्रकाशांत फिल्म आळसावते. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदांनीं १९०० च्या सुमारास ताऱ्यांच्या चित्रांवरून ही गोष्ट मांडली. हिशेबानें १ मिनिट येत असेल, तर बहुधा २-३ द्यावीं लागतात, आणि वेळ वाढेल तसें हें प्रमाणही वाढतें. तेवढ्या अवधींत आकाशही स्वस्थ बसत नाहीं. तारे तासाला १५ अंश सरकतात. २० मिनिटांत ५ अंशांच्या रेघा उमटतात. ध्रुव तेवढा जवळजवळ जागच्या जागीं, वाईस क्षितिजापासून सुमारें १८ अंशांवर.

मध्येंच एखादा दिवा आडवा आला, तर भिंगापुढें धरावयास काळा पुठ्ठा हातीं ठेवावा, असा नियम आहे. दहावें मिनिट चालूं असतां आई कंदील घेऊन तुळशीकडे निघाली. पुठ्ठा माझ्या हातांत होता. चित्र बिघडणार हें दिसत होतें. पण त्या तुळशीला तिचा तो शेवटचा दिवा होता. मीं पुठ्ठा खालीं ठेवला.

फिल्म धुवून आली. घर आहे, छपरावर ताऱ्यांच्या कमानी आहेत. आई मात्र नाहीं. चालतें माणूस इतक्या संथ चित्रांत उमटत नाहीं. मागील दारापासून वृंदावनापर्यंत प्रकाशाची एक रेघ तेवढी गेली आहे, आणि शेवटीं ती बरीच जाड झाली आहे.

आईनें चित्र पाहून विचारलें, "यांत मी कुठें रे?" मीं त्या रेघेवर बोट ठेवलें. ती जाड जागा बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, "एवढा वेळ उभी होतें होय मी?"

आपल्याकडे असा एखादा कॅमेरा पडून असेल, तर चांदण्या रात्रीं तो बाहेर काढावा. घर हातचें जाण्यापूर्वीं काढावा.