‘मेक’ : जुने अवजार, नवे संकेतस्थळ
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या संकेतस्थळाचे काम आम्ही चौघेजण पाहतो. कार्यक्रमपत्रिका, वर्गणीचा अर्ज, छायाचित्रे आणि जुन्या स्मरणिकांतले लेख तिथे असतात. त्या कामातला एकच भाग आज सांगतो, तो म्हणजे बांधणी.

लेख आम्ही साध्या मजकुराच्या फाइलीत टंकतो. ब्राउझरला मात्र एचटीएमएल लागते. रंगरूपाच्या फाइलीची सीएसएस करावी लागते, फोटो लहान करावे लागतात, जावास्क्रिप्टच्या अनेक फाइली एकत्र कराव्या लागतात आणि शेवटी सगळे सर्व्हरवर चढवावे लागते. कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतची ही वाट म्हणजे बांधणी, अर्थात ‘बिल्ड’.

सुरतेत राहणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. आधी सूत, मग लूमवरचे ग्रे कापड, मग मिलमधली रंगाई-छपाई, मग लेस, घडी आणि पॅकिंग. व्यापाऱ्याने लेस बदलायला सांगितली, तर कोणी पुन्हा कापड विणायला बसत नाही. लेसपासून पुढचे तेवढेच काम होते. छपाईचा रंग बदलला, तर छपाईपासून पुढचे सारे आले. कशावर काय अवलंबून आहे, हे जाणत्या कारागिराच्या डोक्यात पक्के असते. संगणकाच्या कामात हेच ज्यात लिहून ठेवता येते, ते अवजार म्हणजे ‘मेक’.

हे अवजार १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बनवले. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइल झालीच नव्हती. त्यामुळे बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्येच ते चूक शोधत बसले होते. त्या त्राग्यातून ‘मेक’ जन्मले. २००३ साली त्यासाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

‘मेक’ची मेकफाइल ही साध्या मजकुराची फाइल असते. तिच्या प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात : काय तयार करायचे, कशापासून करायचे आणि कोणत्या आज्ञेने करायचे. ‘मेक’ फाइलींच्या वेळा पाहते. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल, तरच ती पायरी पुन्हा करते. एका लेखातला काना-मात्रा सुधारला, तर तेवढे एकच पान नव्याने बनते. सगळ्या पानांचा साचा बदलला, तर सगळी पाने बनतात.

कोणी विचारील, वेबसाठी खास अवजारे असताना हे जुनेच का? खरे आहे. २०१२ साली ग्रंट आले, २०१३ साली गल्प, पुढे वेबपॅक, २०२० साली व्हीट. पण प्रत्येकाची मांडणी निराळी, आणि फॅशन बदलली की सारे पुन्हा शिकायचे. ‘मेक’ला वेबमधले काहीच कळत नाही, आणि तेच आमच्या सोयीचे आहे. जी आज्ञा हाताने देता येते, ती मेकफाइलीत लिहिता येते. पान लिहिता लिहिता बदल लगेच पडद्यावर दिसावा, यासाठी आम्हीही व्हीटच वापरतो, पण त्याला हाक ‘मेक’ मारते. उद्या व्हीट बदलले, तर मेकफाइलीतल्या दोन-तीन ओळी बदलतील.

यामागे आमचा अनुभव आहे. संकेतस्थळ आपल्यातल्याच एका मुलाने हौसेने उभे केले. त्याला बंगळुरूला नोकरी लागली, आनंदाचीच गोष्ट. पण कोणत्या क्रमाने काय करायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्या वर्षी कार्यक्रमपत्रिका संकेतस्थळावर चढली नाही आणि ज्येष्ठांना घरोघरी फोन करून कळवावे लागले. पुढे त्याने तीन संध्याकाळी फोनवर बसून एकेक पायरी सांगितली आणि आम्ही ती मेकफाइलीत उतरवली. आज ती साठेक ओळींची आहे.

तिच्या खोडीही सांगतो. नियमाखालची आज्ञा टॅब देऊनच सुरू करावी लागते. त्याऐवजी मोकळ्या जागा दिल्या, तर ‘मेक’ अडून बसते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असली, तर ‘मेक’ त्याची दोन नावे समजते. म्हणून ‘गणेशोत्सव फोटो’ न लिहिता मध्ये जोडरेघ देतो. विंडोजवर ते आयते मिळत नाही, वेगळे बसवावे लागते.

जुन्या स्मरणिकांत लिहिणारे कित्येकजण आज आपल्यात नाहीत. इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे पहिले दिवस त्यांनी लिहून ठेवले, म्हणून आपल्या नातवंडांना ते वाचता येतात. ते लेख पुढेही दिसत राहायचे असतील, तर संकेतस्थळ बांधण्याची रीत एकाच माणसाबरोबर गावाबाहेर जाता कामा नये.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी अकरावी-बारावीतली मुले-मुली असतील, तर त्यांना दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पाठवा. दोन रविवारांत मेकफाइल वाचायला शिकवू, आणि पुढच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका त्यांच्याच हातून संकेतस्थळावर चढेल.